पुलाअलीकडे राहिलेली घंटा

दचकू नका, मित्रांनो. मी रागावलेली नाही, माझा आवाजच असा आहे. मी एक जुनी काशाची घंटा. गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात, दाराच्या आतल्या बाजूला, लोखंडी तुळईला टांगलेली. सगळं आयुष्य वरूनच काढलं, त्यामुळे खाली काय चाललंय ते मला सगळ्यांपेक्षा चांगलं दिसतं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. हल्ली मला फारसं कुणी बोलू देत नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही आलाच आहात तर बसा घटकाभर.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. खरं तर मी शाळेसाठी ओतली गेले होते. पण साच्यात रस ओतताना ओताऱ्याला बाहेरून कुणीतरी हाक मारली, तो 'आलो' म्हणाला, त्याचा हात जरासा हलला आणि माझ्या काठाशी एक फुगवटा राहिला. त्यामुळे बाकीच्या घंटा जिथे 'टण्ण' म्हणतात, तिथे मी 'ठॅण्ण' म्हणते. हेडमास्तरांनी मला एकदाच वाजवून बघितलं आणि कानावर हात ठेवले. "अहो, पोरं शाळेत यायची ती पळून जातील!" झालं. मी भट्टीच्या कोपऱ्यात जाऊन पडले. कोळशाच्या पोत्यांशेजारी किती काळ गेला, कुणास ठाऊक. फार वाईट वाटायचं हो तेव्हा.

मला तिथून उचललं ते मोठ्या मिस्त्रींनी. त्या वेळी ते नुसते मिस्त्री होते, 'मोठे' नंतर झाले. चासीवर बॉडी बांधण्याचा त्यांचा छोटासा कारखाना होता. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, चाकं आणि इंजिन. त्याच्यावर लोखंडी चौकट उभी करायची, पत्रा मारायचा, आत लाकूडकाम करायचं की कुणाची दुधाची गाडी होते, कुणाची शाळेची. मिस्त्रींनी मला वाजवलं आणि हेडमास्तरांना जे आवडलं नव्हतं तेच त्यांना आवडलं. "अशीच पाहिजे," ते म्हणाले. "ऐकून न ऐकल्यासारखं करता येणार नाही अशी."

त्यांना अशी घंटा का हवी होती, ते सांगायला हवं. माझ्या आधीची गोष्ट आहे ही, पण कारखान्यात ती इतक्यांदा सांगितली गेली की माझी मलाच आठवते आहे असं वाटतं. एका ग्रंथपालांनी फिरत्या वाचनालयाची गाडी बांधायला दिली होती. माणूस गोड बोलणारा. दर दोन दिवसांनी यायचे, कौतुक करायचे आणि निघताना म्हणायचे, "जाता जाता एक एवढंसं करा ना." एवढंसं म्हणजे कधी म्हाताऱ्यांसाठी घडीची पायरी, कधी छत्र्या ठेवायला खण, कधी छोट्या मुलांसाठी खालची खिडकी. मिस्त्रींनाही हौस. ते म्हणायचे, "त्यात काय, करून टाकू." पायरी केली की दार बदलावं लागायचं, दार बदललं की कपाट सरकवावं लागायचं. गाडी अशी लांबली, अशी लांबली, की शेवटी ग्रंथपालांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाला फिरतं वाचनालय नकोच होतं. गाडी कारखान्यामागे उभी राहिली. तिच्या खणांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. ग्रंथपाल जाताना भेटायला आले होते. म्हणाले, "चूक माझी. मीच मागत गेलो." मिस्त्री म्हणाले, "तुम्ही मागितलंत, पण हो मी म्हणालो." त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला.

मग त्यांनी एक पद्धत पाडली. कुठलंही काम घेतलं की पहिल्यांदा कारखान्याच्या फरशीवर खडूनं गाडी काढायची, खऱ्या मापाची. जिचं काम तिनं किंवा ज्याचं काम त्यानं त्या रेषेच्या आत यायचं, बसायचं, फिरायचं, हात पसरून बघायचा. कपाट कुठे, बाक कुठे, दार कुठे, सगळं तिथंच ठरायचं. आणि काय ठेवायचं नाही, हेही तिथंच मोठ्यानं बोलून घ्यायचं. "यात झोपायची सोय नसेल. यात स्वयंपाक होणार नाही. कबूल?" "कबूल." की त्या खडूवर पांढरा ऑइलपेंट मारायचा. गाडी कारखान्याबाहेर पडेपर्यंत ती रेष पुसायची नाही.

आणि मग माझं काम. रेष पक्की झाल्यावर ज्याला कुणाला काही नवं सुचेल, मग तो गिऱ्हाईक असो, वेल्डर असो की खुद्द मिस्त्री, त्यानं येऊन माझी दोरी ओढायची. ठॅण्ण! हातोडे थांबायचे, वेल्डिंगची ठिणगी विझायची, सगळे हात पुसत माझ्याखाली जमायचे. मागणारा आपली मागणी सांगायचा. त्यानं किती वजन वाढेल, किती दिवस वाढतील, ते जो तो आपापल्या कामाचं सांगायचा. आणि शेवटी मिस्त्री शांतपणे एकच विचारायचे, "ठीक आहे. मग काय काढू?"

तुम्हाला वाटेल, काय हा खाष्टपणा! पण मी नाही म्हणणारी घंटा कधीच नव्हते, मित्रांनो. एकदा शाळेच्या गाडीचं काम चालू असताना एक आई भीत भीत आली. तिचा मुलगा चाकाच्या खुर्चीत असायचा. तिनं दोरी ओढली आणि माझ्याच आवाजानं दचकून रडायला लागली. "मागचं दार रुंद करता येईल का?" एवढंच मागणं. मिस्त्रींनी विचारलं, काय काढू? शाळेचे शिक्षक लगेच म्हणाले, मागची दोन बाकं काढा, मोठी मुलं पुढे दाटीवाटीनं बसतील. तिथल्या तिथे जुनी रेष खरवडून नवी मारली. त्या बाईनं जाताना माझ्याकडे बघून हात जोडले होते. माझ्याकडे! हेडमास्तरांनी ते बघायला हवं होतं. आणि एक बाहुल्यांचे खेळ करणारा होता. त्यानं ऐटीत दोरी ओढली, सगळे जमले, तर म्हणे, "आत एक मोठा आरसा हवा." काय काढू म्हटल्यावर त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "राहू द्या. तोंड काय, घरी बघेन." किती हसले सगळे! मीसुद्धा कितीतरी वेळ गुणगुणत होते.

ती माझी सोन्यासारखी वर्षं होती. दर आठवड्याला मला चिंचेनं घासायचे. गाड्या वेळेवर बाहेर पडायच्या. लोक म्हणायचे, "त्या घंटेच्या कारखान्यात द्या काम." ऐकलंत? घंटेच्या कारखान्यात! मिस्त्रींची एकुलती एक मुलगी रेषेच्या आतबाहेर खेळत मोठी झाली. पुढे काम शिकली, हिशेब शिकली आणि मिस्त्रींचे गुडघे दुखायला लागल्यावर तीच कारखाना बघू लागली. सगळे तिला ताई म्हणत. हात वडिलांचा, डोकं वडिलांचं. एकच गोष्ट वडिलांची नव्हती. पोर अतिशय भिडस्त होती. समोरच्याचा चेहरा पडलेला तिला बघवायचा नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

एक दिवस एक सिस्टर आल्या. दवाखान्यातल्या, पांढऱ्या साडीतल्या, चपला झिजलेल्या. डोंगरावर विखुरलेली वस्ती होती, तिथल्या बायकांसाठी त्यांना फिरता दवाखाना हवा होता. वस्तीला जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर नदीवरचा जुना लोखंडी पूल. पुलाच्या तोंडाशी फाटक, फाटकापाशी वजनकाटा आणि ठरावीक वजनापेक्षा जड गाडी सोडायची नाही असा कडक नियम, कारण पूलच म्हातारा झालेला. सिस्टरांबरोबर वरच्या वस्तीतली एक शिंपीणबाई आली होती. गाडीचे पडदे ती फुकट शिवून देणार होती. दिवस गेलेले होते तिला. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्यावर तिला झोळीत घालून डोंगर उतरवत आणलं होतं, आणि पुलापर्यंत येता येताच बाळ गेलं होतं. हे तिनं स्वतः नाही सांगितलं. ती पडद्यांची मापं घेत होती, तेव्हा सिस्टरांनी ताईला हळूच सांगितलं. "हिचे दिवस भरायच्या आत गाडी वर पोचली पाहिजे," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

खडूनं गाडी काढली. सिस्टर आत फिरल्या. एक तपासणीचं टेबल, एक औषधांचा फ्रीज, पाण्याची टाकी, वजनाचा काटा, बसायला एक बाक. बास. रेषेच्या टोकाला ताईनं पुलाचं वजन लिहिलं, मोठ्या अक्षरांत. पांढरा रंग लागला. मी एकदा वाजले आणि काम सुरू झालं.

आणि त्याच आठवड्यात मोठे मिस्त्री आजारी पडले. छातीत पाणी झालं. कारखान्याच्या वरच्याच खोलीत ते राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती, दचकवायचं नाही. ताईनं स्टुलावर चढून माझ्या लोलकाला फडकं गुंडाळलं आणि वरून सुतळी बांधली. बांधताना म्हणाली, "थोडेच दिवस हं. बाबांना झोप लागू दे." मला कुठे राग यायला! वर मिस्त्री झोपले होते. मी माझा आवाज गिळून बसले.

पण मागणाऱ्यांना काही आजारपण नसतं. आता दोरी ओढायची सोय नाही, सगळ्यांना जमवायचं नाही, मग लोक ताईच्या कानाशी येऊ लागले. गाडीला पैसे देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आले. म्हणाले, "पाटी जरा भक्कम लोखंडाची करा, देणगीदारांची नावं उठावदार दिसली पाहिजेत." ताई म्हणाली, बरं. सिस्टर आल्या. "एक एवढंसं विचारू का? दुसरं टेबल बसेल का? एकदम दोघी आल्या तर?" ताई म्हणाली, बसवू. मग फ्रीज एक नंबर मोठा झाला, कारण लस वाढली तर? मग उन्हासाठी बाहेर ओढायची, लोखंडी दांड्यांवरची कनात आली. आमच्या वेल्डरला सगळे चष्मा म्हणत, कारण काळा चष्मा तो जेवतानाही काढायचा नाही. चष्म्याला तर कुणी मागायचीही गरज नव्हती. "पोटुशा बायका बसणार यात, हिसका बसता कामा नये," असं म्हणत त्यानं चौकटीला जागोजाग जाड पट्ट्या जोडल्या, मायेनं, न सांगता. आणि वरून खुद्द मोठ्या मिस्त्रींनी निरोप पाठवला. त्यांचं जुनं सागवानी कपाट होतं, हत्यारांचं, त्यांनी तरुणपणी स्वतः बनवलेलं. "ते गाडीत औषधांना बसवा. माझं काहीतरी वर जाऊ दे." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही कोण म्हणणार होतं?

सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या हो. एकही मागणी वाईट नव्हती, एकही माणूस लोभी नव्हता. फक्त सगळे एका जागी जमतच नव्हते, म्हणून सगळ्या मागण्यांची बेरीज कुणी केलीच नाही. ज्याला त्याला आपलं आपलं एवढंसंच दिसत होतं. फरशीवर गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर फुगत चालली होती आणि मी वरून बघत होते, तोंडात बोळा कोंबलेली. कारखान्यातली मांजर तेवढी रोज माझ्याकडे टक लावून बघायची. तिला काहीतरी कळत असावं.

आणि वर मिस्त्री काय म्हणायचे ठाऊक आहे? ताई जेवण घेऊन गेली की ते कौतुकानं म्हणायचे, "एकदाही घंटा नाही वाजली गं! किती समजूतदार माणसं भेटलीत या वेळी. माझ्या जन्मात असं निवांत काम झालं नाही." ताई खाली मान घालून ताट ठेवायची. फडक्याचं त्यांना सांगितलं तर ते हट्टानं सोडायला लावतील, ही तिला भीती. आणि ते वरच्या वर हिंडूफिरू लागल्यावरही फडकं तसंच राहिलं, कारण तोवर सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

काम अर्थातच लांबलं. शिंपीणबाईचे दिवस भरत आले. शेवटी इतकी घाई झाली की गाडी नेहमीसारखी शहरातल्या काट्यावर चढवून वजन करायलाही कुणी थांबलं नाही. हार घातले, अध्यक्ष बोलले, टाळ्या झाल्या. ताई, सिस्टर आणि ड्रायव्हर गाडी घेऊन निघाले. मिस्त्री खिडकीतून हात हलवत होते.

दुपार उलटून गेल्यावर गाडी परत आली. तिचा आवाज ओळखून चष्मा धावत बाहेर गेला. "काय हो, विसरलात का काही?" ड्रायव्हर आधी पाणी प्यायला, मग खाली बसला. पुलाच्या काट्यावर गाडी जड भरली होती. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच. फाटकवाला म्हातारा बिचारा हात जोडत होता, "बाई, मी सोडलं आणि पूल बसला तर?" पलीकडच्या काठाला सगळी वस्ती उतरून आली होती. पोरं उड्या मारत होती. शिंपीणबाई दगडावर बसली होती, हात पोटावर. गाडी उलटी वळायला लागली तेव्हा पोरांना वाटलं, मागेपुढे करताहेत. "ती एकटीच उठून उभी राहिली," ड्रायव्हर म्हणाला. "तिला कळलं. पण हाक नाही मारली तिनं."

ताई गाडीतून उतरून सरळ माझ्याकडे आली. स्टूल ओढलं, वर चढली, सुतळी सुटेना तेव्हा दातांनी तोडली आणि फडकं फेकून दिलं. मग खाली उतरून तिनं दोरी धरली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं मला अशी वाजवली, अशी वाजवली, की शेजारच्या गल्लीतली माणसंसुद्धा बाहेर आली. मी फार दिवसांनी ओरडले होते, मित्रांनो. मला माझाच आवाज परका वाटला.

सगळे जमले. वरून मोठे मिस्त्री कठडा धरत धरत उतरले, किती दिवसांनी! "काय झालं? कोण काय मागतंय?"

"मी मागतेय, बाबा," ताई म्हणाली. "ही गाडी पुलावरून जायला हवी. एवढंच. काय काढू?"

मिस्त्रींनी गाडीकडे बघितलं, फरशीवरच्या रेषेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खाली पडलेलं फडकं उचलून त्यांनी घडी घातली आणि ताईच्या हातात दिलं. मला वाटलं, आता ते तिला बोलणार. पण ते सरळ गाडीत चढले आणि खिशातल्या पेचकसानं स्वतःच्या कपाटाचे स्क्रू काढायला लागले. चष्मा धावला, "मोठे मिस्त्री, ते राहू द्या, ते तुमचं—" "माझं आहे म्हणूनच मी काढतोय," ते म्हणाले. "तू तुझ्या पट्ट्या काढ."

मग काय विचारता! चष्म्यानं पट्ट्या कापल्या. कापताना त्यानं पहिल्यांदाच चष्मा काढून डोळे पुसले, म्हणे धूर गेला. सिस्टरांनी स्वतः दुसरं टेबल बाहेर ओढलं. कनात उतरली, मोठा फ्रीज परत गेला, पहिला ठरलेला आला. अध्यक्षांना निरोप धाडला होता. आम्हाला वाटलं, आता हे भडकणार. ते आले, पाटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नावं रंगानं लिहा की. रंगाला काय वजन असतं!" मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. एकेक वस्तू बाहेर येत होती आणि गाडी हळूहळू रेषेच्या आत परत येत होती. मी आजवर किती वाजले असेन, पण काढण्यासाठी अशी कधी वाजले नव्हते. रात्री शहरातल्या काट्यावर वजन केलं, ते पुलाच्या नियमात जेमतेम बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायच्या बेतात असताना सिस्टरांनी वर माझ्याकडे पाहिलं. "एक सुचतंय," त्या म्हणाल्या आणि रीतसर दोरी ओढली. "वरची घरं लांब लांब आहेत. गाडी आली हे बायकांना कळणार कसं? हिला घेऊन जाऊ या का? हिचा आवाज डोंगरभर जाईल."

मित्रांनो, माझं काय झालं म्हणून सांगू! ओताऱ्याच्या कोपऱ्यातून आलेली मी, हेडमास्तरांनी नाकारलेली मी, आणि मला डोंगरावर न्यायला निघाले होते. मिस्त्री म्हणाले, "न्या. तिचंही भलं होईल." 'काय काढू' विचारायचं मात्र त्या घाईत सगळ्यांकडूनच राहून गेलं. चष्म्यानं शिडी लावली. मला उतरवलं, चिंचेनं लख्ख केलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी पोत्यावर बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी रस्ता पाहिला. झाडं अशी मागे पळतात हे मला ठाऊकच नव्हतं.

पुलाशी पोचलो. पलीकडे पुन्हा माणसं जमली होती, या वेळी पोरं उड्या मारत नव्हती. शिंपीणबाईला खाटेवर बसवून आणलं होतं. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या, हे इकडूनही कळत होतं. ती खाटेचा दांडा धरून पुढे वाकत होती. गाडी काट्यावर चढली. फाटकवाला म्हातारा वाकून बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. काटा अगदी इतकासा, पण पुढे होता.

ताई खाली उतरली, तरी काटा पुरता मागे येईना. तिनं गाडीचं दार उघडलं आणि सिस्टरांना विचारलं, "काय काढू?"

सिस्टरांनी आत बघितलं. टेबल. फ्रीज. टाकी. वजनाचा काटा. बाक. सगळं ठरलेलं होतं, सगळं लागणारं होतं. पलीकडून शिंपीणबाईचा आवाज आला, पाण्यावरून. सिस्टर माझ्याकडे बघायच्या आधीच मला कळलं होतं. मला जायचं होतं हो. इतकं जायचं होतं! पण मी काय नेणार होते वर? नुसता आवाज. आवाज तर हॉर्नलाही असतो.

"हिला," सिस्टर म्हणाल्या.

ताईनं मला दोन्ही हातांनी उचललं. फाटकवाल्यानं आपलं स्टूल पुढे केलं, त्याच्यावर मला ठेवलं. काटा मागे आला. फाटक उघडलं आणि गाडी पुलावर गेली, सावकाश, पुलाचं लोखंड कुरकुरत. मी आणि ताई अलीकडे राहिलो. पलीकडे सिस्टर उडी मारून उतरल्या, चार बायकांनी शिंपिणीला उचललं, आत नेलं आणि तिनंच शिवलेले पडदे कुणीतरी ओढून घेतले. फाटकवाला हळूच म्हणाला, "बसा, बाई." ताई उभीच राहिली. तिनं एक हात माझ्यावर ठेवला होता.

किती वेळ गेला, मला मोजता येत नाही. मग पडदा हलला. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही हात उंच करून हलवले. त्यांच्या मागून ते बारीकसं रडणं ऐकू आलं. सगळी वस्ती एकदम बोलायला लागली. ताई स्टुलाशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या काशावर कपाळ टेकून इतकी रडली, की मी आतल्या आत गुंगुं करत राहिले. परत येताना बसमध्ये तिनं मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "सामानाचं तिकीट काढा." ती म्हणाली, "माणूस आहे हो ते."

मोठे मिस्त्री त्यानंतर तीन-चार वर्षं होते. मग नव्हते. आता कारखाना मोठा झालाय, ताईचे केस पांढरे व्हायला लागलेत. गिऱ्हाईकं येतच नाहीत, फोनवर सांगतात, फोटो पाठवतात, बोटानं. जमायचं कशाला, वेळ कुणाला आहे? ताई अजून फरशीवर रेष मारते आणि 'काय काढू' विचारते, पण तेही फोनवरच. माझ्यावर धूळ बसली आहे, चिंच मला लागून जमाना झाला. दोरी विरत चालली आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? वाजवायला कुणी यावं, म्हातारपणी दुसरं काय हवं असतं!

पण मागच्या महिन्यात तीच दवाखान्याची गाडी चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे बदलायला आली होती. त्या गाडीतून शिंपीणबाई उतरली, आणि तिच्या मागून तिची मुलगी, त्या दिवशी पडद्याआड रडलेली तीच. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. तिनं वर पाहिलं, मी दिसले, आणि कुणाला काही विचारायच्या आत ती टाचा उंचावून दोरीला लोंबकळली. ठॅण्ण!

जिथल्या तिथे सगळं थांबलं. जुनी माणसं हातातलं टाकून धावत आली, चष्मा तर काठी टेकत आला. नवी पोरं गोंधळून त्यांच्या मागे. ताई कागद बाजूला ठेवून आली आणि त्या चिमुरडीसमोर गुडघ्यावर बसली. "बोल बाळा. काय हवंय?"

मुलगी सगळ्यांकडे बघत राहिली. एवढी मोठी माणसं आपल्यासाठी जमलीत, हे बघून ती खुदकन हसली.

"काही नको," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत माझी दोरी ओढून काही न मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ताईनं तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

आता जा, मित्रांनो, उशीर झाला असेल तुम्हाला. मला घासलं नाहीत तरी चालेल. पण उद्या तुम्ही काही बांधायला घ्याल, घर म्हणा, गाडी म्हणा, आणि जाता जाता कुणीतरी गोड बोलून एवढंसं मागेल. मागू दे. तुम्हालाही सुचेल, सुचू दे. फक्त हो म्हणायच्या आधी सगळ्यांना एकदा हाक मारा, आणि पुलापलीकडे कोण वाट बघत बसलंय, ते बघा.